तात्पुरतं : पुढच्या आठवड्यात काढणे

आदरणीय अध्यक्ष महोदय, आपल्या पुनर्वसन संस्थेचे सन्माननीय संचालक, व्यासपीठावर विराजमान असलेले वैद्यकीय अधीक्षक आणि विश्वस्त मंडळाचे सदस्य, वाचाउपचार विभाग, कृत्रिम अवयव विभाग आणि आमच्या साहाय्यक साधन विभागातले माझे सहकारी, समोर बसलेले रुग्ण आणि त्यांची घरची मंडळी, आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसलेले आमचे फिटर... तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता माझ्याविषयी चार जण बोलले. चौघेही चांगलंच बोलले. निवृत्त होणाऱ्या माणसाविषयी वाईट बोलायची पद्धत नाही, त्यामुळे त्यात माझं कर्तृत्व किती आणि पद्धतीचा भाग किती हे मला सांगता येणार नाही. संचालकसाहेब म्हणाले, "आज बाईंचे डोळे पाणावले असतील." साहेब, मी तपासून पाहिले. कोरडे आहेत. सकाळपासून वाट बघतेय. टेबलाचा खण रिकामा केला, किल्ल्या परत केल्या, पासवर्ड सोपवले, एकतीस वर्षं ज्या कोपऱ्यात बसले त्याच्याकडे दारातून वळून बघितलं. कोपरा होता. मी दिवा बंद केला आणि खाली आले.

कुणी मनाला लावून घेऊ नका. पुष्पगुच्छ सुंदर आहे. माझं हे असं गेली चार वर्षं चाललंय. लग्नाला गेले तरी असं, कुणाच्या शेवटच्या दर्शनाला गेले तरी असंच. डॉक्टरांना दाखवलं. तेही याच संस्थेतले आहेत, इथे बसलेत, म्हणून अधिक सांगत नाही.

माझं भाषण मी लिहून आणलं होतं. दीड पान. त्यात सगळ्यांचे आभार होते. पण मघाशी वाचाउपचारच्या प्रमुख बोलल्या आणि त्यांनी 'बोलक्या पाटी'च्या अपग्रेडचा उल्लेख केला. "तेवीस दिवस बाई मशीनसमोरून हटल्या नाहीत," असं म्हणाल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी फिटरांकडे बघितलं. तेही वाजवत होते. तेव्हा ते दीड पान पर्समध्येच राहू दे, असं मी ठरवलं. अध्यक्ष महोदय, मला वेळ थोडा जास्त लागेल. आयुष्यात एकदाच मागतेय, द्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बोलकी पाटी हा टॅबलेटवर चालणारा प्रोग्रॅम आहे. ज्याची वाचा गेली, हातपाय गेले, पण एखादं बोट शाबूत राहिलं, अशा माणसासमोर पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की तो बोटाखालचं बटण दाबतो. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा, मग पुढचं अक्षर. शब्द पुरा झाला की पाटी तो मोठ्याने म्हणते. पडद्याच्या आतलं काम माझं, बटण आणि स्टँड फिटरांचं. फिटर मूळचे कृत्रिम अवयव विभागातले. पाय बसवायचे, म्हणून सगळ्यांनी त्यांचं नावच फिटर पाडलं. चाळिशी उलटल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, मला हे तुमचं शिकवा." मी शिकवलं. दोन वर्षांत ते माझ्या चुका काढायला लागले.

चार वर्षांपूर्वी पाटी वापरणारे आपल्याकडे एकसष्ट रुग्ण होते. त्यातला एक माझा धाकटा भाऊ.

तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच" करत आला. त्याला तो आजार झाला ज्यात एकेक स्नायू साथ सोडतो. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. उजवा अंगठा तेवढा राहिला. त्या अंगठ्यावर तो पाटीतून सगळ्या घराला गाडी शिकवायचा. भावजय चादरी बदलायला त्याची खाट भिंतीपासून सरकवायची, तर पाटी म्हणायची, "आरसा बघ. मग घे." भावजय चिडायची. मी जायचे तेव्हा पाटी म्हणायची, "ताई, वजन वाढलंय." एवढी अक्षरं जमवायला त्याला तीन-चार मिनिटं लागायची. तरी सोडायचा नाही.

आता थोडं कामाचं. कंटाळा येईल, पण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

पडद्यावर जे दिसतं, म्हणजे चौकटी, बटणं, अक्षरं, ते सगळं आम्ही मुळापासून करत नाही. सुतार बिजागरी स्वतः ओतत बसत नाही, आणतो. तसा जगातल्या काही लोकांनी तयार करून ठेवलेला एक संच असतो, त्याला टूलकिट म्हणतात. आम्ही लिहिलेलं आणि तो संच जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा, याला म्हणायचं बिल्ड. आपले टॅबलेट जुने झाले होते आणि नव्या टॅबलेटवर जुना टूलकिट चालत नव्हता. म्हणून दोन पिढ्या ओलांडून नवा टूलकिट घ्यायचं ठरलं. मी संचालकसाहेबांना लेखी कळवलं, काम आठ दिवसांचं आहे. ते पत्र फाइलमध्ये आहे.

काम सुरू केलं त्याच दिवशी भावजयीचा फोन आला. "ताई, पाटी पडली हो. उशी काढताना माझा कोपर लागला. पडदा फुटलाय."

मी कपाट उघडलं. जुने टॅबलेट दोन शिल्लक होते, दोन्हींच्या बॅटऱ्या फुगून पाठी उघडलेल्या. मी म्हटलं, "थोडे दिवस कळ काढा. आता त्याला नवाच देते."

पहिल्या बिल्डला सहाशे बारा चुका आल्या. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. घर बदललं की चमचे सापडत नाहीत, तसा प्रकार. नव्या संचात काही वस्तूंची नावं बदलली होती, काही दुसऱ्या कप्प्यात गेल्या होत्या. चार दिवसांत सगळ्या मिटवल्या. प्रोग्रॅम टॅबलेटवर टाकला, तर काळा पडदा. पडदा दाखवणारा एक तुकडा सोबत न्यायचा राहिला होता. त्यात दोन दिवस गेले. सातव्या दिवशी पाटी उघडली. चौकटी आल्या, रंग आले. पहिलं अक्षर काढायची वेळ आली आणि प्रोग्रॅम बंद. चूक दाखवली नाही, काही नाही. नुसता बंद.

गंमत अशी की माझ्या टेबलावरच्या संगणकावर तोच प्रोग्रॅम सुरळीत चालत होता. पण तिथे बनलेला तिथेच चालतो. टॅबलेटचा मेंदू वेगळा, त्याच्यासाठीचा प्रोग्रॅम बनायचा तो फक्त कोपऱ्यातल्या बिल्ड मशीनवर. आणि तिथे बनलेला पहिल्या अक्षराला मान टाकायचा.

मी काय केलं नाही? सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं. टूलकिट तीनदा नव्याने उतरवून घेतला. अक्षरांचे फाँट बदलले. एक पायरी मागचा टूलकिट लावून बघितला. तो करणाऱ्या लोकांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडे तर चालतंय. एका बिल्डला दोन तास दहा मिनिटं. दिवसाला चार व्हायची. प्रत्येक वेळी चौकटी, रंग, आणि बंद.

सोमवारच्या बैठकीत संचालकसाहेबांनी विचारलं, "बाई, नेमकं अडलंय कुठे?"

मी म्हटलं, "बिल्ड मशीन फिटरांनी लावलेलं आहे. त्यांनी आत काय काय करून ठेवलंय, कोण जाणे."

साहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मान हलवलीत आणि काहीतरी टिपून घेतलंत. फिटर तेव्हा निवृत्त होऊन सल्लागार म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या वर्कशॉपमध्ये यायचे. मी जिना उतरून त्यांना विचारायला गेले नाही. ज्याच्यावर खापर फोडलं त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जायचं?

ऑफिस सुटलं की मी भावाकडे जायचे. पाटी नव्हती म्हणून आम्ही कागदावर अक्षरं लिहिली होती. भावजय एकेक ओळ बोटाने दाखवायची. कागदाकडे बघायचं की अंगठ्याकडे, असा गोंधळ व्हायचा, म्हणून आम्हीच ठरवलं, डोळे मिटले की 'हो'.

"कची ओळ? चची? टची? तची? पची?" डोळे मिटले. "पची. प? फ?" लगेच मिटले. "प. बरं, काना? वेलांटी? उकार? मात्रा? अनुस्वार?" मिटले.

"पं," भावजय म्हणाली. "पंप?"

त्याचे डोळे मिटलेलेच होते. थकून मिटलेले. पण आमच्या नियमाने ते 'हो' झालं.

त्याच्या पोटात नळी होती आणि एका छोट्या पंपाने त्याला अन्न जायचं. भावजयीने पंप तपासला. मी तपासला. नळी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'पं'. पुन्हा पंप. चौथ्या दिवशी पंपवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. त्याने उघडून, पुसून, पुन्हा बसवून दिला आणि म्हणाला, "पंप एकदम ठणठणीत आहे." भाऊ छताकडे बघत होता. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या दाराशी माझ्या कानात कुजबुजल्या, "सारखा वरच बघतो हो. त्याचं चित्त आता इथलं राहिलं नाही." मला ते पटलं. हातपाय गार पडायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, रक्ताभिसरण मंदावतंय, व्हायचंच. आम्ही त्याला मोजे घातले. पुढे पुढे तो कागद दाखवला की डोळे उघडेच ठेवायचा. कुठल्याच ओळीला मिटायचा नाही. आम्ही कागद कपाटात ठेवून दिला.

बाविसावा दिवस शुक्रवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर दारात फिटर उभे.

"बाई, येऊ का?"

"या."

ते बसले. मशीनकडे बघितलं. "भाऊ काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही, फिटर. तोच तर प्रश्न आहे."

बैठकीत मी काय बोलले ते त्यांच्या कानावर गेलं होतं. आपल्या संस्थेत गोष्टी जिन्याने खाली लवकर जातात. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "तुम्ही याला इतके दिवस विचारताय, तू का पडतोस. आपण जरा असं विचारू, तू प्रत्येक वस्तू उचलतोस कुठून? बिल्ड करताना सगळं तोंडाने सांगत कर म्हणावं."

तशी सोय असते. मी ती वापरली होती, पण आलेला मजकूर इतका लांबलचक होता की वरवर चाळून सोडून दिला होता. फिटरांनी तो छापायला लावला. चौऱ्याऐंशी पानं झाली. त्यांनी वर्कशॉपमधली लोखंडी पट्टी आणली होती. ती ओळीखाली धरायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. मी समोर बसून बघत होते. मला झोप येत होती. एकतिसाव्या पानावर पट्टी थांबली.

"बाई, हा पत्ता कुठला?"

अक्षरं काढण्याचं काम टूलकिटच्या एका भागाकडे असतं. त्या भागाचा आराखडा मशीन नव्या संचातून उचलतच नव्हतं. भलत्याच एका कप्प्यातून उचलत होतं, आणि प्रत्यक्ष काम करणारा भाग मात्र नव्या संचातला. डाव्या पायाचं माप घेऊन उजवा पाय बसवायचा, त्यातलाच प्रकार. चौकटींना त्याचं काही नव्हतं. पहिलं अक्षर आलं की पाय अडखळायचा.

त्या कप्प्याचा माग काढत आम्ही एका जुन्या फाइलीपर्यंत गेलो. त्यात एक ओळ होती. 'आधी इथे बघ' असं मशीनला सांगणारी. त्या ओळीच्या वर, मशीन वाचत नाही अशा जागी, माणसांसाठी लिहिलेलं होतं : तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढणे. त्यापुढे तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. तारखेपुढे आद्याक्षरं.

ती माझी होती.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या टूलकिटमध्ये रफार चुकायचा. 'सूर्य' लिहिलं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा. मला ते सहन होईना. मी टूलकिटच्या त्या भागाची वेगळी प्रत काढली, दुरुस्त केली, आणि मशीनला सांगितलं की आधी माझ्या प्रतीत बघ. पुढच्या आठवड्यात नीट करणार होते. तो आठवडा आला नाही. टूलकिटवाल्यांनी त्यांच्याकडे रफार दुरुस्त करूनही मध्यंतरी सात वर्षं होऊन गेली होती. ती प्रत काढली आहे, असंच मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर धरून चालले असंही नाही. ती होती हेच विसरले होते.

फिटरांनी ते वाचलं. मी वाचलं. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी पडद्याकडेच बघत म्हटलं, "जुनी प्रत राहून गेलीय. काढा. मी चहा सांगून येतो."

ती ओळ पुसायला मला दोन सेकंद लागली. दोन तास दहा मिनिटांनी बिल्ड झालं आणि टॅबलेटवर अ आला. मग आ. चौदा-पंधरा शब्द टाकून बघितले, 'सूर्य' पण टाकला. सगळं जागच्या जागी.

शनिवारी सकाळी मी नवा टॅबलेट घेऊन भावाकडे गेले. स्टँडला लावला, बटण अंगठ्याखाली ठेवलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं इतका तो खाली गेला होता. ओळी उजळायला लागल्या. पहिल्या दोन फेऱ्या त्याने काहीच केलं नाही. आम्हाला वाटलं, संपलं, आता अंगठाही गेला. तिसऱ्या फेरीला पची ओळ आली आणि बटण दाबलं गेलं.

प. अनुस्वार. भावजय म्हणाली, "अहो, पंपाचं राहू दे हो आता."

पुढचं अक्षर ख आलं. मग काना. मग दुसरा शब्द. पाटी म्हणाली, "पंखा बंद करा."

आम्ही दोघींनी वर बघितलं. पंखा त्याच्या बरोबर डोक्यावर होता आणि पाचवर होता. तेवीस दिवस पाचवर होता.

भावजय खाटेच्या कडेला बसली. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही, तिलाही येणार नाही. पाटीवर पुन्हा ओळी उजळत होत्या. तीन-चार मिनिटांनी पाटी म्हणाली, "पंप ठीक आहे."

मी उठून पंख्याचं बटण बंद केलं आणि पाती थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. त्याचे मोजे काढले. दुपारपर्यंत पाय कोमट झाले होते. त्या वेळी मला जे काही वाटायला हवं होतं, ते अजून वाटायचं आहे.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. बघा, मी रागावणार नाही. राहिलेलं थोडंच आहे, पण सांगायचं होतं ते हेच.

यादीत टॅबलेटची वाट बघणारे आणखी आठ रुग्ण होते. त्या आठही जणांकडे फिटरांनी दोन दिवसांत स्वतः जाऊन टॅबलेट बसवून दिले. स्वतःच्या स्कूटरवरून. त्यातले तिघे आज इथे आहेत.

नंतर अधीक्षकांनी उशिराचं कारण लेखी मागितलं. ते योग्यच होतं. मी अहवाल लिहिला. त्यात वाक्य असं आहे : 'बिल्ड यंत्रणेत पूर्वीच्या कर्मचाऱ्यांच्या काळातील एक जुनी प्रत राहून गेल्याने विलंब झाला.' शब्द नीट ऐका. एकही शब्द खोटा नाही. तो काळ फिटरांचा होताच. माझाही होता, एवढंच मी लिहिलं नाही. सोमवारच्या बैठकीतलं माझं बोलणं आणि हे वाक्य चौकशीला नेमलेल्या समितीने शेजारी शेजारी ठेवलं, आणि पुढच्याच महिन्यात फिटरांचे मंगळवार-शुक्रवार बंद झाले. 'सल्लागाराची आवश्यकता राहिलेली नाही' असं पत्र गेलं. ते पत्र टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं होतं. मी टाइप केलं.

फिटर निरोप घ्यायला वर आले तेव्हा म्हणाले, "बरं झालं बाई, गुडघे बोलायला लागले होते." मी म्हटलं, "हो, जिना जरा उभाच आहे." एवढंच बोलले मी. बावीस वर्षांच्या सोबतीनंतर.

भाऊ त्यानंतर पाच महिने राहिला. पाच महिने भरपूर बोलला. भावजयीला स्वयंपाकाच्या सूचना केल्या, वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या काकूंशी भांडला, त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना नावं ठेवली. एकदा मी एकटी बसले होते तेव्हा पाटीने विचारलं, "काय अडलं होतं?"

मी म्हटलं, "एक जुनी प्रत राहिली होती रे मशीनमध्ये."

ओळी उजळत राहिल्या. "कुणाची?"

तो आयुष्यभर शेजारी बसून लोकांच्या चुका बघत आलेला माणूस. मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, "फिटरांच्या वेळची."

मग त्याने बराच वेळ घेतला. मला वाटलं, थकला, झोपला. पण अंगठा हलत होता. पाटी म्हणाली, "त्यांना सांग. राग नाही."

हा निरोप मी फिटरांना सांगितला नाही. कसा सांगणार? माफी कशाची, ते आधी सांगावं लागलं असतं. सहा आठवड्यांनी भाऊ गेला. तो गेला तेव्हा पाटी चालू होती आणि ओळी उजळत होत्या. भावजयीने ती दुसऱ्या दिवशी बंद केली.

भावजय इथे आलेली आहे, तिसऱ्या रांगेत. तिला हे सगळं मी काल संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, उद्या मी अधीक्षकांना पत्र देणार आहे, ते तुला बाहेरून कळायला नको. ती म्हणाली, "ताई, पंखा पाचवर मीच केला होता. औषधांचा वास कोंडतो म्हणून. बटणाशी तर मीच उभी असायचे रोज." मी तिला म्हटलं, तसं नाही ते. ती म्हणाली, "मग तुमचंही तसं नाही." पण ते तसंच आहे. तिने कुणाच्या नावावर घातलं नाही. मी घातलं.

अधीक्षक महोदय, हे ते पत्र. काल ऑफिसातून शेवटचा छापला तो हा कागद. त्यात जुन्या बॅकअपमध्ये उरलेली ती ओळ, तारीख आणि माझी आद्याक्षरं यांचं छायाचित्र जोडलं आहे. जुना अहवाल दुरुस्त करावा आणि दुरुस्तीची प्रत समितीच्या सर्व सदस्यांना द्यावी अशी विनंती आहे. मी हे पत्र देऊन गुपचूप जाणार होते. टाळ्या वाजल्या नसत्या तर कदाचित तसंच केलं असतं.

फिटर, निरोप समारंभात निरोप घेतात. मला तुम्हाला एक द्यायचा राहिला होता, तो आज दिला. 'राग नाही' असं त्याने तुम्हाला कळवलं होतं. तुमच्यावर राग धरावा असं काही नव्हतंच. आणि जिच्यावर धरायचा तिच्याविषयी तो काय म्हणाला असता, हे मला आता कळायची सोय नाही. तुम्ही काय म्हणाल तेही मी विचारत नाही. तुम्हाला त्या दिवसापासून सगळं माहीत आहे. पण तुम्हाला माहीत असून भागत नव्हतं, फाइलला माहीत व्हायला हवं होतं.

फिटर उठलेत. जाऊ द्या त्यांना, कुणी हात धरून बसवू नका. बाजूचं दार जड आहे, जरा कुणीतरी धरा. सावकाश, फिटर. पायरी आहे.

नाही, पाणी नको मला. ठीक आहे.

संचालकसाहेब, विश्वस्त मंडळ, तुम्ही मला एकतीस वर्षं काम दिलंत, आजारी भावाकडे जायला कधी रजा नाकारली नाहीत, त्याबद्दल मी आभारी आहे. आमच्या विभागाने वेळोवेळी माझी चिडचिड सोसली, त्यांचे आभार. रुग्ण आणि घरची मंडळी इतक्या लांबून आलीत, तुमचे आभार. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था बघणाऱ्यांचे आभार, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. बिल्ड मशीनच्या सगळ्या फाइली मी गेल्या महिन्यात ओळ न् ओळ तपासल्या आहेत. 'तात्पुरतं' लिहिलेलं आणखी दोन ठिकाणी सापडलं, दोन्ही काढलं. नव्या माणसांनी तरीही एकदा बघून घ्यावं.

बोलण्यात वेळेचं भान राहिलं नाही, कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाला लागेल असं काही बोलले असेन, तर तेवढं पदरात घ्या. वागण्यात जे झालं ते मात्र पदरात घेऊ नका. ते पत्रात आहे, ते नोंदवून घ्या.

मी बसते.